तुम्ही विचारलंत म्हणून: मला काहीच वाटत नाही का?

आयसीयूत नर्स आहे म्हटलं की हा प्रश्न येतोच. कुणी कौतुकाने विचारतं, "इतकं अलिप्त राहायला जमतं कसं?" कुणी रागाने, "तुम्हाला काहीच वाटत नाही का?" एकांना मी स्थितप्रज्ञ वाटते, दुसऱ्यांना दगड.

एका रात्री एका तरुण माणसाचं हृदय थांबलं. सीपीआर देताना, म्हणजे थांबलेल्या हृदयासाठी छाती दाबताना, ती निदान ५ सेंटीमीटर खाली जावी लागते, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी ती पूर्ण वर येऊ द्यावी लागते. कधीकधी बरगडी मोडते. त्या रात्री मोडली, माझ्या तळहाताला कळलं. मी मोजत राहिले. हात थकले की दाब उथळ होतो, म्हणून २ मिनिटांनी माणूस बदलायचा. मग पुन्हा माझी पाळी. तो कुणाचा नवरा आहे हे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. मी वेळ लिहिली, त्याचा चेहरा पुसला आणि शेजारच्या बेडच्या औषधाच्या पंपाचा अलार्म वाजत होता तिकडे वळले. दारातून त्याच्या बायकोने ते पाहिलं. तिनेच विचारलं, अगदी हळू आवाजात. शेजारचाही कुणाचा तरी नवराच होता, पण तिला ते ऐकवायची ती वेळ नव्हती.

नवीन असताना मी ठासून सांगायचे, अलिप्तपणा युनिफॉर्मसोबत उतरतो. १८८९ साली विल्यम ऑस्लर या नामवंत डॉक्टरांनी तरुण डॉक्टरांना सांगितलं होतं, प्रसंग कसाही येवो, डगमगू नका. ते मला आजही पटतं. पण बर्नआउट, म्हणजे कामाने आतून येणारा थकवा, मोजायच्या मॅस्लाक प्रश्नावलीत पेशंटबद्दल काहीच न वाटणं हे त्या थकव्याचंच एक अंग धरलंय. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मला फरक कळतो, बहुतेक वेळा: पेशंट नावाने आठवतो की नुसत्या बेड नंबरने, यावरून.

मग परवा आईला ताप आला आणि मी फोनवर आधी "किती?" एवढंच विचारलं, ते यातलं कुठलं? बहीण म्हणते, तू घरीही नर्सच असतेस. मी म्हणते, आकडा आधी कळायलाच हवा. या वादात तिचं थोडं खरं आहे, पण आकडा मी पुढच्या वेळीही आधीच विचारणार आहे.