मतमाउलीच्या वाटेवरचा शुक्रवार

हरेगावच्या मतमाउलीच्या, येशूच्या आईच्या, यात्रेला पायी निघालो होतो. राहुरी कधी मागे पडली, आठवत नाही. आठवतं ते सप्टेंबरातलं बोचरं ऊन, दोन्ही अंगांना ऊस आणि उजव्या टाचेवरचा बोराएवढा फोड. शुक्रवार, म्हणजे जपमाळेत दुःखाची रहस्ये, येशूच्या दुःखाचे पाच प्रसंग, प्रत्येकाला दहा मण्यांचं एक दशक. तिसऱ्या दशकात, काट्यांच्या मुकुटापाशी, ‘नमो मारिया’ नुसतं तोंडात उरलं, डोक्यात टाच. पुढचा कर्णा फाटक्या आवाजात माळ सांगत होता. तो बंद पडावा असं मनापासून वाटलं.

शेजारच्या मावशी सोबत होत्या. पंढरीच्या नेमाच्या वारकरी, हरेगावला पहिल्यांदाच. त्यांचे प्रश्न संपेनात.

“पोरी, ही माउली म्हंजे देवच ना?”

“नाही. देवाची आई. देव एकच. पिता, पुत्र, पवित्र आत्मा.”

“हे तर तीन झाले.”

“तीन नाहीत, मावशी. एकच!”

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात हेच घडाघडा म्हणून मी बक्षीस घेतलं होतं. इथं ततपप. शेवटी वैतागून म्हटलं, “आपण तिला सांगायचं, ती लेकाच्या कानावर घालते.”

“असं व्हय. घरातल्यासारखंच की.”

विषय मिटला.

एका वस्तीवर मी बसलेच. घरातली बाई हात धुऊन आली. कोण, कुठली, काही न विचारता तिनं माझा पाय ओढून मांडीवर घेतला. मी मागे खेचत होते; चिखलानं भरलेला पाय तो. येशूनं शिष्यांचे पाय धुतले म्हणून पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, पण ते बाराजण घरून घासूनपुसून आलेले असतात. तेव्हा शिष्य पेत्र नको नको का म्हणाला असेल, ते त्या ओट्यावर कळलं. तिनं सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला, टोकं तशीच सोडली. “दोरा ऱ्हाऊ दे. पाणी झिरपंल.” वर गुळाचा चहा. नाव विचारायचं राहिलं.

पाचव्या दशकाला मावशींनी विचारलं, “लेकाला खिळे ठोकताना ही कुठं व्हती?”

“तिथंच. क्रुसापाशी उभी.”

मग प्रवरेच्या पुलापर्यंत त्या बोलल्या नाहीत.

हरेगावात गर्दी, रेटारेटी, माझी मेणबत्ती वाकली. जे मागायला निघाले होते तेच मागायचं विसरले. मावशी मात्र मूर्तीपुढून हलेनात. मागचे ओरडायला लागले तेव्हा हाताला धरून काढलं.

येताना एसटीत म्हणाल्या, “ज्ञानोबा माउलींचं नेवासं इथनं जवळच ना गं? म्हंजे दोन्ही माउल्या शेजारीच.”

टाचेतला दोरा तसाच होता.