वही भरून पाहिजे

श्रावण, बुधवार. सकाळपासून झिमझिम.

वस्तीवरच्या आज्जी आज नातवाला अंगणवाडीत सोडायला आल्या त्या वही घेऊनच. चौरेघी, नवी कोरी, सुनेनं लातूरहून आणलेली. "बाई, शेजारचं लेकरू इंग्रजी शाळेत जातंय, त्याची वही भरली बी. ह्याचा हात धरा अन् गिरवून घ्या. मारलं तरी लिहीना." नातू लुगड्याआड, दोन्ही हात पाठीमागं. वय साडेतीन.

हात धरून गिरवणं मला पटत नाही. त्यात मोठ्या माणसाचा हात लिहितो, लेकराचा नुसता ओढला जातो. आज्जींना म्हणलं, मनगट अजून कच्चं आहे त्याचं. "कच्चं कशानं? शेळीचं पिल्लू उचलतंय की!" आता काय बोलावं! पण उचलायची ताकद वेगळी आणि बोटांची हुशारी वेगळी. मनगटात आठ बारकी हाडं असतात. जन्मताना तिथं नुसती कूर्चा, म्हणजे मऊ लवचिक भाग, असते, आणि ती सगळी हाडं व्हायला दहा-बारा वर्षं जातात. बघून गोल काढणं साधारण तिसऱ्या वर्षी जमतं, अधिकचं चिन्ह चौथ्याच्या आसपास, चौकोन त्याच्या पुढं आणि त्रिकोण पाच ओलांडल्यावर. चौरेघीत अ बसवायचा म्हणजे ह्या सगळ्याच्या पुढची उडी झाली.

वही कपाटावर ठेवली. लेकराला शेंगा दिल्या.

भुईमुगाची शेंग फोडताना अंगठा आणि पहिली दोन बोटं जशी जुळतात, तशीच ती खडू धरताना जुळावी लागतात. हा पठ्ठ्या शेंगा फोडण्यात सगळ्यांच्या पुढं निघाला. घरी आज्जीपाशी बसून फोडतच असणार, पण ते कुणी शिकण्यात धरत नाही. मेणखडू मी मुद्दाम मोडून तुकडे करून ठेवते. लांब खडू लेकरं मुठीत धरतात. बोटभर तुकडा मुठीत मावतच नाही, चिमटीतच धरावा लागतो. नवीन खडू मोडले म्हणून मदतनीस मावशी अजून हळहळतात.

तरी कागद पुढं केला की ह्याचं ठरलेलं, "मला येत नाही." हे वाक्य साडेतीन वर्षांच्या तोंडात आपोआप येत नाही. घरी कुणीतरी हसलं असेल, नाहीतर "हे काय काढलंस?" असं विचारलं असेल. मग रंगाऱ्याचा जुना ब्रश आणि तांब्याभर पाणी घेऊन त्याला व्हरांड्याच्या आतल्या भिंतीपाशी उभं केलं. पाण्यानं काढलेलं थोड्या वेळात वाळून जातं. खोडायला नको, चुकायला नको. आणि उभ्या भिंतीवर हात चालवला की मनगट आपोआप बरोबर वळतं. बराच वेळ नुसते फटकारे मारले त्यानं. मग एक गोल. मग गोलावर गोल, गोलावर गोल.

मी एवढंच म्हणलं, "सांग बरं मला ह्याच्याबद्दल."

"मोटार जळाली. तार गुंडाळायलेत."

बोअरची मोटार! गेल्या आठवड्यात घरी ती जळाली होती आणि हा मिस्त्रीच्या समोरून हलला नव्हता म्हणे. मला तो गिचमिड गोळा दिसत होता. त्याच्या लेखी तांब्याच्या तारेचे वेढे होते, एकावर एक, मोजून मारल्यासारखे. दुपारी खिचडी झाल्यावर तेच त्यानं कागदावर काढलं, न सांगता. खाली मी त्याच्याच शब्दांत लिहिलं, 'मोटार जळाली.' तो बोट ठेवून विचारतो, "इथं मोटार हाय का?" हाय म्हणलं. मग मावशींना नेऊन दाखवलं, मग दप्तर आवरणाऱ्या पोरींना. बोललेलं कागदावर बसतं हे कळलं की निम्मं लिहिणं आलं, असं माझं मत. पर्यवेक्षिका बाईंना ते रजिस्टरच्या कुठल्या रकान्यात बसवायचं हा प्रश्न पडतो, तो त्यांचा.

१९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डीला ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबतीला. महागडी साधनं बाजूला ठेवून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं वापरली. आपल्याकडं समुद्र नाही, पण काळी माती आहे, ज्वारीची चिपाडं आहेत. चिपाडाच्या काड्या जोडून उभी-आडवी रेघ होते. गोल त्याला येतोच. गोल आणि उभी रेघ जमली की व, ब, क एकाच घरातले.

जाताना आज्जींना चित्र दाखवलं. आधी उलटं धरलं, मग सुलटं, मग नातवानंच सांगितल्यावर हसल्या. "मोटारीनं बारा हजार घेतले अन् हे चित्र काढतंय!" चित्र पदराखाली झाकून नेलं, भिजू नये म्हणून. दारातून वळून परत विचारलंच, "अन् वही?"

पोळ्यानंतर बघू म्हणलं. आधी बैल करायचे आहेत मातीचे. मावशींनी टोपलं भिजत घातलंय, पण त्यात खडे फार आहेत. उद्या लेकरांनाच वेचायला बसवते.