करवतीनंतरची इस्त्री

ऑगस्ट लागला की आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या. कपडे वाळत नाहीत आणि टोबी हूपरवरून भांडण होतं.

कपड्यांचा दोष पुण्याच्या पावसाचा. भांडणाचा दोष तारखांचा. ‘द टेक्सास चेन सॉ मॅसेकर’ हा करवतवाल्या खुन्याचा भयपट सुरू होतो तेव्हा पडद्यावर तारीख येते, १८ ऑगस्ट १९७३. आणि तो सिनेमा करणारा हूपर गेला तो २६ ऑगस्ट २०१७ रोजी. या दोन तारखांच्या मधे कधीतरी माझा कॉलेजपासूनचा मित्र येतो, हॉलमधल्या दोरीवर लोंबणाऱ्या ओल्या चादरींखालून वाकून आत शिरतो आणि बूड टेकायच्या आत म्हणतो, “एका सिनेमाचा माणूस रे तो!” की झालं सुरू.

यंदा भाचा होता घरी. आम्हा दोघांचं पाच मिनिटं ऐकून म्हणाला, “मामा, भांडताय कशाला, लावा ना.” लावला. अर्ध्या-पाऊण तासाने त्याने मोबाइल खाली ठेवला. म्हटलं, लागला गळाला. तर म्हणतो, “यात रक्त कुठंय?”

प्रश्न रास्त आहे. नाव ऐकून माणूस बादल्याच्या बादल्या रक्ताची तयारी ठेवून बसतो. पडद्यावर तसं काही दिसतच नाही. मांस टांगायच्या आकड्यावर एका मुलीला अडकवतात, तो प्रसंग बघा. आकडा पाठीत घुसताना दाखवलेलाच नाही. खाली एक पत्र्याचं घमेलं ठेवलेलं मात्र दिसतं. बस. बाकीचं काम ते घमेलं करतं. रक्त दाखवलं नाही तर सिनेमाला जरा मवाळ प्रमाणपत्र मिळेल, अशी हूपरची भाबडी आशा होती म्हणे. मिळालं नाहीच. ब्रिटनमध्ये तर तो न कापता रीतसर पास व्हायला १९९९ उजाडलं. आणखी एक गोष्ट मला दरवेळी छळते. हाडांच्या आणि पिसांच्या त्या खोलीत छताला पक्ष्याचा छोटा पिंजरा टांगलाय आणि त्यात एक जिवंत कोंबडी कोंबलीय. तिला वळायलासुद्धा जागा नाही. ती काही करत नाही, नुसती असते. करवतीपेक्षा ती कोंबडी जास्त वेळ डोक्यात राहते.

मित्राचा सिद्धांत असा की हा सिनेमा हूपरने केलाच नाही, उन्हाने केला. टेक्सासमधल्या राउंड रॉक गावाजवळचं जुनं घर, १९७३चा उन्हाळा, पारा अडतीसच्या वर. माणसाच्या कातडीचा मुखवटा घातलेला खुनी झालेल्या गुन्नार हॅन्सनला एकच पोशाख, आणि धुतला तर रंग जाईल म्हणून तो धुवायचा नाही. जेवणाच्या टेबलाचा प्रसंग रात्रीचा, पण शूटिंग दिवसाही चाललेलं, म्हणून खिडक्या काळ्या कापडाने बंद केलेल्या. आत दिव्यांची धग आणि टेबलावर सडत चाललेलं मांस. हे सगळं सलग चोवीस तासांहून जास्त चाललं. लोक बाहेर जाऊन ओकून येत आणि पुन्हा उभे राहत. “तिथं कॅमेरा धरून माझा काका उभा असता तरी क्लासिक झाला असता,” इति मित्र. त्याच्या काकांनी त्याच्या मुंजीचे फोटो काढलेत, ते मी पाहिलेत. सगळ्या फोटोंत बटूचं डोकं कापलंय. म्हणजे एका अर्थी भयपटच.

मी माझी बाजू लढवतो. ‘सेलम्स लॉट’ घे, १९७९चा. धुक्यात तरंगत आलेला तो पोरगा खिडकीची काच नखांनी खरवडतो. टीव्हीसाठी केलेलं काम आहे, तरी त्या रात्री खिडकी लावून झोपणारे आपण दोघंही होतो. मग मी ‘पोल्टरगाइस्ट’ काढतो आणि इथे दरवर्षी माती खातो. सिनेमा १९८२चा, दिग्दर्शक म्हणून नाव हूपरचं, लेखक-निर्माता स्टीव्हन स्पीलबर्ग. खरा दिग्दर्शक कोण, यावर चाळीस वर्षं लोक एकमेकांची डोकी फोडताहेत. मी म्हणालो, “तो आरशासमोर स्वतःचा चेहरा ओरबाडणारा माणूस आठव. ते स्पीलबर्गला सुचेल का? तो हूपरचाच हात.” मित्र मिशीतल्या मिशीत हसला. “त्या शॉटमधले हात स्पीलबर्गचे आहेत. खरेखुरे. त्याने स्वतःचे हात दिले होते.” हे त्याने कुठून तरी शोधून वर्षभर माझ्यासाठी राखून ठेवलं असणार.

पुढचा उतार मी फार ताणत नाही. कॅनन नावाच्या कंपनीने तीन सिनेमांचा करार दिला, हाताशी पैसा आला. ‘लाइफफोर्स’मध्ये अवकाशातून आलेले रक्तपिपासू लंडनची वाट लावतात, अडीच कोटी डॉलर खर्च झाले आणि धंद्याचीही तशीच वाट लागली. १९८६मध्ये करवतीचा दुसरा भाग आला, तर तो चक्क विनोदी. लोक भडकले. घाबरायला आलो होतो, हा हसवतोय काय?

इथे माझं मत मित्राहून वेगळं आहे, आणि यंदा मला साक्षीदार मिळाला. हूपर म्हणायचा की पहिल्या सिनेमातही विनोद होता, कुणाला दिसला नाही. मी हे नेहमी सारवासारव समजत आलो. पण जेवणाचा प्रसंग आला आणि माझा भाचा खदखदून हसायला लागला. मुखवटेवाल्या खुन्याचा थोरला भाऊ घरी येतो. आत एक मुलगी बांधून घालायची आहे, बाहेर प्रेतं पडलीत, आणि हा आधी कशावरून ओरडतो? धाकट्याने करवतीने दार चिरलं म्हणून. दाराचं काय करून ठेवलंय बघ! मग वरून आजोबांना खुर्चीसकट उचलून खाली आणतात. आजोबा कधीकाळी कत्तलखान्यात एक नंबरचे होते म्हणे. त्यांच्या हातात हातोडी देतात, ती खाली पडते. पुन्हा देतात, पुन्हा पडते. सगळं घर भोवती जमून त्यांना चेव आणतंय. “हे तर आपल्या आजोबांना केक कापायला लावतात तसंच झालं,” भाचा म्हणाला. ती मुलगी किंचाळतेय, भाचा हसतोय, आणि मी तीस वर्षांत पहिल्यांदा तो प्रसंग डोळे उघडे ठेवून बघतोय.

म्हणजे माणूस घसरला नव्हता. तो पहिल्यापासून या चक्रम घराची गंमत सांगत होता आणि आम्ही किंकाळ्या मोजत बसलो. अर्थात यावरून त्याचं सगळंच काम चांगलं ठरत नाही. २०००च्या त्या मगरीच्या सिनेमाची वकिली माझ्याच्याने होणार नाही.

मित्राने शेवटी हुकमी एक्का टाकला. ‘द मँगलर’, १९९५. लाँड्रीतल्या चादरी दाबून घड्या घालणाऱ्या अजस्र यंत्रात सैतान शिरतो. “इस्त्रीचं यंत्र माणसांच्या मागे धावतं! इस्त्रीचं!” डोक्यावरची ओली चादर बाजूला सारत तो ओरडला.

“असेना,” मी म्हटलं, “पण ती म्हातारी अंगठी पडली म्हणून हात घालते आणि आत ओढली जाते, तो प्रसंग…”

“अंगठी नव्हे. गोळ्या. आम्लपित्ताच्या गोळ्या सांडतात. त्या वेचायला जाते आणि चादरीसारखी घडी होऊन बाहेर येते.”

“किती वेळा पाहिलायस?”

तो चादरीची टोकं जुळवत बसला.

“मामा,” भाच्याने विचारलं, “हा आहे का आपल्याकडे?”

“त्याच्याकडे असेल,” मी म्हणालो. मित्राने खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि म्हणाला, “आधी पंखा वाढव, चादर अजून ओली आहे.”