पाकीट डावीकडे

"काकू, तुम्ही बसता का? एक जण कमी पडतोय."

पत्त्यांच्या बाबतीत हे वाक्य कित्येक वर्षांनी कानावर पडलं आणि मी पर्स खाली ठेवली. खरं तर लेकाला कॉलेज रोडवरच्या त्या कॅफेत सोडून मी भाजी घ्यायला जाणार होते. मे महिन्यातला रविवार, दुपारचे तीन, वर एक पंखा आणि खाली सात मुलं. 'मॅजिक' नावाच्या पत्त्यांच्या खेळाचा ड्राफ्ट होता. त्याला आठ जण हवेत म्हणे, आणि आठव्याला नेमका ताप भरलेला. "आईला काही येत नाही हं," असं लेकाने आधीच जाहीर करून टाकलं. उगाच नंतर घराण्याचं नाव नको जायला.

1993 साली रिचर्ड गारफिल्ड या गणितातल्या माणसाने हा खेळ काढला. मी तेव्हा आठवीत होते आणि पंचवटीतल्या वाड्यात मेंढीकोट खेळत होते, त्यामुळे आमची गाठ पडायची राहिली. ड्राफ्टला घरून पानं आणायची नसतात. प्रत्येकाला 3 बंद पाकिटं, एकेकात 14 पानं. फोडायचं, एक ठेवायचं, उरलेली डावीकडच्याला द्यायची. तोवर उजवीकडून दुसरा गठ्ठा येतो, त्यातलं एक. दुसऱ्या पाकिटाला दिशा उलटी, तिसऱ्याला पुन्हा डावी. मग जमलेल्या पानांत जमिनीची पानं (त्यांच्या जोरावरच बाकीची पानं खेळता येतात) मिसळून 40 चा डेक बांधायचा आणि लढायचं.

"उजवीकडून काय येतंय बघत राहा," लेक कुजबुजला. "एखाद्या रंगाची चांगली पानं येतच राहिली, तर समज तिकडे तो रंग कुणाला नकोय."

हे मला लगेच कळलं. आमचे आजोबा उतारीच्या वेळी खोकायचे. एकदा खोकले तर इस्पिक, दोनदा खोकले तर बदाम. आजी म्हणायची, "औषध घ्या, नाहीतर पत्ते ठेवा." ती स्वतः पडलेलं प्रत्येक पान लक्षात ठेवायची आणि दूध कधी तापवलं ते विसरायची.

वाड्यातल्या आमच्या त्या पत्त्यांच्या कॅटमधली चौकटची दश्शी हरवली होती. मेंढीकोटात दश्शी म्हणजेच मेंढी, तीच हरवणं म्हणजे लग्नातून नवरदेव हरवणं. काका नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये होते. "सगळ्या देशाच्या नोटा छापता, एक पत्ता जमेना?" असं आजीने डिवचल्यावर त्यांनी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून, लाल शाईने दश्शी काढली. मोजले तर चौकट अकरा. शिवाय पाठीमागे 'चि. सौ. कां.' एवढं दिसत राहायचं, त्यामुळे मेंढी कुणाच्या हातात आहे ते अख्ख्या ओट्याला माहीत. ज्याच्या वाट्याला ती यायची तो बिचारा अंगठ्याने चि. सौ. कां. झाकत बसायचा. आम्ही त्या पानाला 'नवरी' म्हणायचो. नवरी पळवली, की जिंकणाऱ्यांनी ओट्यावर हात आपटायचे.

तर, ड्राफ्ट. मी चित्रं बघून पानं घेतली. लेकाने दोनच रंग धर म्हणून सांगितलं होतं, मी चार धरले. साडी घेतानाही मला दुकानातून एक घेऊन निघता येत नाही. पहिल्या पाकिटातलं एक शेवाळी, किडकं, तोंड वाकडं केलेलं काहीतरी मी तत्परतेने डावीकडे ढकललं. आठ जणांत फिरून तेच पाकीट परत माझ्याकडे आलं तेव्हा 6 पानं उरली होती. शेवाळी गायब. आता असल्या ध्यानालाही गिऱ्हाईक असतं, म्हणून मला जरा बरंच वाटलं.

पहिल्या फेरीत माझ्या हातात जमिनीच जमिनी आल्या. डोंगर, जंगल, बेट, दलदल. सातबारा सगळा माझ्या नावावर, उभं पीक मात्र नाही. दुसऱ्या फेरीत त्याच्या नेमकं उलट. एक डाव मी जिंकलेसुद्धा, पण समोरचा मुलगा वडापाव खात होता, त्यामुळे तो मी धरत नाही. तिसऱ्या फेरीत माझ्यासमोर डावीकडचा मुलगा आला, आणि त्याने चौथ्याच पाळीला टेबलावर ठेवलं ते शेवाळी. माझे 20 प्राण होते, ते त्याने बघता बघता संपवले.

"थँक्यू काकू," तो अगदी मनापासून म्हणाला.

आठवा नंबर आला. आठातला.

निघताना काउंटरवर पानांची कव्हरं दिसली, स्लीव्ह म्हणतात. पाठीमागून सगळी एकसारखी, काळी. मुलं पानं खराब होऊ नयेत म्हणून घालतात. शिवाय मागून कुठलं पान कुठलं ते ओळखू येत नाही. मी एक पाकीट घेतलं. लेकाला वाटलं, आईला खेळाची गोडी लागली.

वाडा पडून आता तिथे खाली पार्किंग असलेली इमारत आहे. कॅट मात्र माझ्या कपाटात, बांगड्यांच्या डब्यात. रात्री बसून 52 पानं त्या कव्हरांत घातली. नवरीसुद्धा. पुठ्ठा जाड, जरा अडली, मग गेली. कॅट पिसला, उलटा धरला आणि शोधून पाहिली. नाही सापडली.

मेंढीकोटाला चौघं लागतात. घरात आम्ही दोघं.