पुळणीवरचे मणके

गुहागर तालुक्यातील एका किनारी गावाच्या सरपंचांचा फोन आला, तेव्हा पावसाळा नुकताच सरला होता. उधाणाने पुळण कापून नेली होती, सुरूच्या बनाखालून मोठमोठी हाडे उघडी पडली होती आणि डायनासोरचा सांगाडा सापडल्याची वार्ता व्हॉट्सॲपवरून चिपळूणपर्यंत गेली होती. मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो आणि उमेदीची काही वर्षे चंद्रपूरकडच्या लॅमेटा या डायनासोरकालीन गाळाच्या थरांत हाडे उकरण्यात घालवली आहेत, एवढे सरपंचांना ठाऊक होते. "सर, तुम्ही एकदा बघून सांगा, म्हणजे गर्दी तरी हटेल," असे ते म्हणाले.

तेथे डायनासोर असण्याची शक्यता नाही, हे घरातून निघतानाच माहीत होते. आपल्या किनाऱ्याचा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आणि सड्यावरचा जांभा म्हणजे त्याच कातळाची झीज होऊन बनलेला दगड. हाड टिकायला गाळ लागतो. मुंबईत वरळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये असा गाळ साचला, म्हणून तेथे बेडकांचे जीवाश्म मिळाले. महाराष्ट्रातले डायनासोर मात्र विदर्भात, मुख्यतः लाव्हाखालच्या लॅमेटा थरांत आहेत. पुळणीची वाळू तर भूशास्त्राच्या हिशेबाने कालचीच.

गावातल्या मुलांनी मणक्यांचे दोन ढीग केले होते: एक मोठ्या जनावराचा आणि एक त्याच्या पिल्लाचा. मी मोठ्या ढिगातला मणका उचलला, तर आकाराच्या मानाने तो हलका होता. लॅमेटातल्या हाडाच्या पोकळ्यांत खनिजे भरलेली असतात आणि ते दगडासारखेच जड लागते. हा मणका सच्छिद्र होता आणि त्याला अजून खवट तेलाचा वास येत होता. त्याच्या सपाट तोंडावर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या खरखरीत रेघा होत्या, आणि बाजूलाच त्या मापाच्या हाडाच्या पातळ, गोल तबकड्या पडल्या होत्या. एक तबकडी मणक्यावर ठेवून फिरवली, तशी ती एका जागी चपखल बसली. वाढीच्या वयातल्या सस्तन प्राण्यांत मणक्याच्या टोकांच्या या चकत्या सुट्या असतात आणि पूर्ण वाढीनंतर सांधल्या जातात. म्हणजे हा देवमासा होता, आणि तोही पुरता न वाढलेला.

गर्दीत विज्ञान शाखेचा एक विद्यार्थी होता. तो सहजासहजी मानणारा नव्हता, आणि मला ते आवडले. टायटनोसॉर या लांब मानेच्या डायनासोरांच्या गटातल्या काही प्राण्यांच्या कातडीत हाडांची कवचे असत, मग या तबकड्या तशाच कशावरून नाहीत, असे त्याने विचारले. त्याचे वाचन बरोबर होते, पण कवचाला मणक्याच्या तोंडाचे माप कशाला असेल? मग त्याने जबड्याचा बाकदार तुकडा पुढे केला. त्यात दातांच्या खाचाच नव्हत्या, म्हणून प्राणी शाकाहारी असला पाहिजे, असा त्याचा तर्क होता. खरे तर शाकाहार बहुधा दातांवरूनच ओळखला जातो. सिरोंच्याच्या पलीकडे, गोदावरी खोऱ्यात पोचमपल्लीजवळ १९६१ मध्ये ज्याची हाडे खणून काढली, त्या बारापासॉरस या शाकाहारी डायनासोरचे सुटे दात चमच्याच्या आकाराचे आणि कडेला जाड दातेरी आहेत, पाला ओरबाडण्याजोगे. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला तर विष्ठेचेही जीवाश्म मिळतात आणि त्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. दात नसलेला हा जबडा मात्र समुद्राचे पाणी गाळून खाणाऱ्या देवमाशाचा होता.

"मग सर, खरा डायनासोर मिळाला तर तो नवीन आहे हे कसं ठरवतात?"

उत्तर त्या दोन ढिगांतच होते. आम्ही सगळे मणके वाळूवर ओळीने मांडले, मानेचे पातळ चपटे, कमरेचे मोठे, शेपटीच्या टोकाचे लहान ठोकळ्यासारखे, आणि पिल्लाचा ढीग त्याच जनावराच्या शेपटीत मुरला. शरीरातली जागा बदलली की हाडाचा आकार बदलतो, वय वाढले की बदलतो, आणि जीवाश्मात वरच्या थरांच्या दाबाने तो चेपून आणखी बदलतो. हे सगळे फरक वजा केल्यावर, आणि ज्ञात जातींची हाडे शेजारी ठेवून पाहिल्यावरही जे वेगळेपण उरते, त्याच्या बळावर नवी जात मांडता येते. नुसत्या आकारमानाला या कामात फारशी किंमत नाही. बारापासॉरसची सुमारे तीनशे हाडे मिळाली, तीही किमान सहा जनावरांची, म्हणून कोणता फरक एकट्या जनावराचा आणि कोणता जातीचा हे पाहता आले. तरी नाव जाहीर व्हायला १९७५ उजाडले.

एवढे करूनही नाव टिकेलच असे नाही. जबलपूरला मिळालेल्या शेपटीच्या मणक्यांवरून जीवाश्मांचे अभ्यासक लिडेकर यांनी १८७७ मध्ये टायटनोसॉरस इंडिकस ही जात मांडली. मणक्याच्या पुढच्या बाजूला खळगा आणि मागच्या बाजूला उखळीत बसावा तसा गोळा, ही रचना तेव्हा निराळी वाटली होती. पुढे तसेच मणके जगभर निघत गेले आणि २००३ मध्ये ते नाव संशयास्पद ठरवून बाजूला ठेवले गेले. भारताचा पहिला डायनासोर असा बाद झाल्याची चुटपुट मला आहे, पण निर्णय योग्यच होता. त्याच अभ्यासाने चंद्रपूरच्या डोंगरगावच्या सांगाड्याला, जो १९९७ पासून टायटनोसॉरसच्याच नावाखाली होता, इसिसॉरस हे स्वतंत्र नाव दिले. त्याची कवटी नाही, मागचे पाय नाहीत. पण मान, पाठ, कंबर, शेपटी आणि पुढचा पाय एकाच जनावराचे असल्यामुळे तुलना करता येते.

दुपारी वन विभागाचे कर्मचारी आले. देवमासा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित असल्यामुळे त्याचे हाड कोणालाही घरी नेता येत नाही, हे ऐकून दोघातिघांनी पिशव्यांतून मणके परत आणून ठेवले. पंचनाम्यात जातीच्या रकान्यापाशी वनरक्षकांनी माझ्याकडे पाहिले. मी "बिनदातांचा देवमासा, अपूर्ण वाढीचा, जात अनिश्चित" असे लिहायला सांगितले. त्यावर तो मुलगा लगेच म्हणाला, "सर, बारापासॉरसची कवटी मिळाली नव्हती, तरी नाव दिलंच ना?" तेथे पडताळायला अनेक जनावरांची हाडे आणि कितीतरी वर्षे होती. येथे आपल्या समुद्रातल्या देवमाशांच्या वेगवेगळ्या जातींचा एकही सांगाडा मांडून ठेवलेला नव्हता, आणि मणक्यावरून अंदाजाने लिहिलेले नाव पुढच्या प्रत्येक कागदावर खरे म्हणून उतरले असते. त्यामुळे रकाना तसाच राहिला आणि जनुकीय तपासणीसाठी हाडाचा एक तुकडा वेगळा बांधून घेतला.