तुम्ही विचारलंत म्हणून: त्या स्पर्धक मुलीला उत्तर पुन्हा का बोलू दिलं नाही?

आम्ही विद्यार्थ्यांनी बनवलेला गेम शो पाहिलेला कुणी भेटला की हा प्रश्न येतोच. खेळ कसा सुचला, नियम किती वेळा मोडून पुन्हा बांधले, याचं कुणाला काही नाही. "तू निर्माता होतास, तुझ्या हातात होतं." होतं ना. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

शेवटची फेरी पणाची. फक्त विषय सांगायचा, त्यावर गुण लावायचे, मग प्रश्न. चुकलात तर लावलेले गुण प्रतिस्पर्ध्याला. तिने होते नव्हते ते सगळे लावले. प्रश्न पुरता व्हायच्या आत बझर दाबला. समोरच्याचा बझर लॉक झाला, तिच्या पुढ्यातला दिवा लागला, तिने उत्तर दिलं. बरोबर! फ्लोअरवर टाळ्या. कंट्रोल रूममध्ये आम्हाला मात्र नुसते हलणारे ओठ. तिच्या कॉलरला लावलेल्या लेपल माइकची बॅटरी गेली होती. साउंडवाला आवाज वाढवायचे फेडर एकामागून एक वर करत होता. सूत्रसंचालकाच्या माइकवर पुसटसं काही आलं होतं, तेही टाळ्यांखाली गाडलं गेलेलं. टॉकबॅकवर, म्हणजे आमच्या आपापसातल्या इंटरकॉमवर, फ्लोअर मॅनेजर विचारतोय, "काय करू? परत बोलायला सांगू?" मॉनिटरवर ती हसत होती. तिच्या लेखी ती जिंकली होती.

मी म्हणालो, "प्रश्न रद्द. नवीन घ्या."

पणाला लावलेले गुण तेच, प्रश्न नवा. तिचं चुकलं.

आता माझी बाजू. सूत्रसंचालकाचं वाक्य, स्पर्धकांचा प्रवेश, टाळ्या, सगळं पुन्हा घेता येतं. उत्तर नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या 'ट्वेंटी-वन' या टीव्ही क्विझ शोमध्ये स्पर्धकांना उत्तरं आधीच पुरवली जात; कुठे अडखळायचं, घाम कसा टिपायचा, हेही शिकवलं जाई. हर्बर्ट स्टेम्पेल या स्पर्धकाला तर माहीत असलेलं उत्तर मुद्दाम चुकायला लावलं. बोभाटा झाला, आणि १९६० साली अशी मिलीभगत तिथे गुन्हा ठरली. हे सगळं आमच्या डोक्यात तेव्हा ताजं होतं.

तुम्ही म्हणाल, तिला कुठे कुणी उत्तर पुरवलं होतं? कबूल. पण पुन्हा बोलताना ती आठवण्याचा अभिनय करणार आणि बघणारा तो खरा मानणार, असं तेव्हाचा मी म्हणतो. मग टाळ्या तीनतीनदा वाजवून घेतल्या, त्या खऱ्या होत्या का? असं आजचा मी विचारतो. टाळ्यांवर कुणी गुण लावले नव्हते, असं तो ठणकावतो. तो जरा आगाऊ आहे. सगळ्यांसमोर करारी दिसायची हौसही त्याला होती, हे मला ठाऊक आहे. तरी त्याचं हे म्हणणं मला खोडता येत नाही.

"गुण देऊन खाली पट्टी टाकायची होती, तांत्रिक अडचण म्हणून." पर्याय चांगला आहे. सुचवणाऱ्यांपैकी काही जण त्या वेळी माझ्याच शेजारी बसले होते, गप्प.

आणि जिंकलेल्या मुलाचं काय? त्याने ना माइक बंद पाडला, ना प्रश्न बदलला. त्याला आजही लोक "तो बॅटरीवर जिंकलेला" म्हणतात. त्याच्या वतीने मला कधी कुणी जाब विचारला नाही.