आवक क्रमांक मिळेपर्यंतचे अकरा दिवस

खान्देशातील एका महाविद्यालयात बी. एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या सत्रात असताना मेडिकल वॉर्डातील एका आजींना मी अहिराणीत "काय व्हयनं माय तुले?" असे विचारले. आमच्या क्लिनिकल मॅडमनी सगळ्या रुग्णांसमोर माझ्या बोलण्याला गावठी म्हटले. मीही आवाज चढवला आणि ती माझी चूक होती. त्यानंतर त्यांनी माझ्या लॉगबुकवर, म्हणजे प्रात्यक्षिकांच्या नोंदवहीवर, सही करणेच थांबवले. प्रात्यक्षिकाच्या ८० टक्के हजेरीशिवाय परीक्षेला बसता येत नाही आणि पदवीपूर्वी प्रत्येक विभागातील १०० टक्के हजेरी भरावी लागते. त्यामुळे सही अडणे म्हणजे वर्षच अडणे होते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, सलाईनचे थेंब मिनिटाला किती ठेवायचे याची शंका आली तरी मॅडमना विचारायला मी धजत नव्हते. स्टाफ सिस्टर जवळ होत्या म्हणून निभावले. शेवटी मी महाविद्यालयाकडे तक्रार अर्ज द्यायचे ठरवले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. मात्र ही मुदत तक्रार पोहोचल्यापासून मोजली जाते आणि ती पोहोचल्याची पोच द्यायलाच कार्यालय तयार नव्हते. पहिल्या दिवशी लिपिकांनी आधी प्राचार्यांची सही आणायला सांगितले. प्राचार्य बैठकीत होत्या. मग अर्जातून मॅडमचे नाव काढण्याचा सल्ला मिळाला. पुढे आलेल्या अर्जांना क्रमांक देण्याचे आवक रजिस्टर कपाटात असून किल्ली दुसऱ्यांकडे आहे, असे ऐकावे लागले. सकाळची ड्यूटी संपवून, गणवेशातच, रोज त्या खिडकीपाशी उभी राहताना मला अपमानापेक्षा संताप अधिक होत असे, कारण मी कोणाला शिक्षा मागत नव्हते, फक्त माझ्या कागदावर तारीख आणि क्रमांक मागत होते. "तूच माफी लिहून दे, विषय संपेल," असेही सांगण्यात आले. अकराव्या दिवशी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून मी त्याची पावती खिडकीत ठेवली, तेव्हा दोन मिनिटांत शिक्का उमटला.

समितीने दोघींचे ऐकले. माझे उर्मट शब्दही मी अर्जात जसेच्या तसे लिहिले होते, त्यामुळे माझ्या बाकीच्या म्हणण्यावर विश्वास बसला. मी माफी मागितली आणि सह्या मिळाल्या. अर्ज करणाऱ्यांनी घटना त्याच रात्री वेळ, वॉर्ड आणि हजर व्यक्तींसह लिहून काढावी. लॉगबुकच्या प्रत्येक भरलेल्या पानाचा फोटोही त्याच दिवशी काढून ठेवावा. माझ्या हजेरीचा वाद त्या फोटोंवरच मिटला.